डावीकडची म्हातारी

१९८६ सालच्या जानेवारीत, अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, पन्नाशीचा एक माणूस स्टुलावर तोंड वासून बसला होता आणि त्याच्या खालच्या दाढेला डायल गेज लावलेलं होतं. डायल गेज म्हणजे एक गोल तबकडी. तिचं टोक वस्तूला टेकवायचं. वस्तू जराशी जरी सरकली तरी तबकडीवरचा काटा ती किती सरकली ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतो. हे साधन लोखंडी शाफ्ट तपासायला असतं. दाढ तपासायला ते वापरावं असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण पुस्तकात नाही म्हणून गप्प बसेल तर तो गुणाजी धुरी कसला!

"हलू नको. श्वास धर," असं म्हणत लेथवाला अंबादास पेन्सिलीच्या बोथट टोकाने दाढ आतून ढकलत होता. "पॉइंट सहा! आयला गुणाजी, एवढा प्ले, एवढा ढिलेपणा माझ्या जॉबमध्ये निघाला असता तर तू अख्खा लॉट रिजेक्ट केला असतास."

"आता उव्वी बघ," गुणाजी म्हणाला. तोंड उघडं ठेवून 'उजवी' एवढीच म्हणता येते.

उजवी पॉइंट पासष्ट निघाली. गुणाजीने दोन्ही आकडे तपासणीच्या कागदावर लिहिले, खाली तारीख घातली आणि मगच तोंड मिटलं. गेले सहा महिने भाकरी चावताना दोन्ही बाजूंच्या दाढा दबल्यासारख्या वाटत होत्या. दुखत मात्र नव्हत्या. दुखल्या असत्या तर तो गेला असता एखाद्या डॉक्टरकडे आणि आला असता उपटून. दुखत नाही, किडलेलीही नाही, तरी दाढ हलते म्हणजे काय, ही गोष्ट त्याला झोपू देत नव्हती.

गुणाजी मूळचा मालवणकडचा. सतराव्या वर्षी मुंबईत आला, गिरणीत फिटर झाला, अठ्ठावीस वर्षं त्याच खात्यात काढली. ब्याऐंशीचा संप झाला आणि गिरणीचं दार जे मिटलं ते त्याच्यापुरतं मिटलंच. वर्षभर तो घरात नुसता बसून होता, आणि गुणाजीसारखा माणूस घरात नुसता बसला की घराची काय दशा होते हे त्याच्या बायकोला, वनमालेला विचारावं. त्याने शिवणयंत्र तीनदा खोललं. नळाला पाणी किती वाजता, कुठल्या मजल्यावर किती जोरात येतं याचा तक्ता केला. जोगेश्वरीच्या त्यांच्या चाळीत कुणी नवीन टीव्ही घेतला की धुऱ्यांना कळू नये म्हणून लोक दोन दिवस दार लोटून घेत, कारण गुणाजी बघायला यायचा तो समोरून नाही, मागून. पूजेला आलेल्या भटजींनाही त्याने एकदा मध्येच थांबवलं होतं, पानं पाचच का, सहा का नाहीत म्हणून. भटजी पुढच्या वर्षी आलेच नाहीत.

शेवटी अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये त्याला तपासनिसाची नोकरी मिळाली. तयार झालेला प्रत्येक माल मोजायचा, बसला तर घ्यायचा, नाही बसला तर बाजूला टाकायचा. असं काम देवाने त्याच्यासाठीच निर्माण केलं होतं. मालकाच्या मेव्हण्याने केलेला लॉटही त्याने एकदा नापास केला आणि वर मेव्हण्याला बोलावून काटा दाखवला. मालक रागावला, पण त्याला कामावरून काढलं नाही.

तर हा गुणाजी दाढांचे आकडे लिहिलेला कागद खिशात घालून अंधेरी पूर्वेला एका ट्रस्टच्या दवाखान्यात गेला. तिथे आठवड्यातून दोन दिवस शहरातल्या एका दातांच्या कॉलेजातले डॉक्टर यायचे. त्या दिवशी खुर्चीपाशी डॉ. उत्तरा कर्णिक होती. पार्ल्याची मुलगी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बारीक अंगाची, बोलण्यात घाई. मोठ्या पदवीसाठी तिचा प्रबंध चालू होता.

"काका, काय होतंय?"

गुणाजीने कागद पुढे केला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग इतकी हसली की शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटने चूळ भरायचं थांबवलं. हसू ओसरल्यावर मात्र तिने कागद नीट घडी करून केसपेपरला टाचला. गुणाजीला ती बाई तिथेच आवडली.

मग तिने एक बारीक सळई काढली. सळईवर काळ्या खुणा होत्या. ती हिरडी आणि दाढ यांच्या मधे अलगद सरकवून ती आकडे म्हणू लागली: तीन, चार, सात.

"हे काय मोजताय?" सळई बाहेर येताच गुणाजीने विचारलं.

"हिरडीचा खिसा. निरोगी माणसाची सळई दोन-तीन मिलिमीटर आत जाते. तुमची सात जाते. तुम्हाला पायोरिया आहे, काका. दात चांगले आहेत, पण ज्या हाडात ते रोवलेत ते हाड झिजून गेलंय. दोन्हीकडे दाढेच्या बाजूला खड्डा पडलाय."

"आणि सळईचा लीस्ट काउंट किती?"

"म्हणजे?"

"कमीत कमी किती मोजते?"

"एक मिलिमीटर."

"एक!" गुणाजीला धक्काच बसला. "बाई, आमच्याकडे एक मिलिमीटरच्या चुकीला माणूस घरी पाठवतात. आणि दर वेळी ती त्याच जागी, त्याच कोनात जाते कशावरून?"

आता धक्का बसायची पाळी उत्तराची होती, कारण हाच प्रश्न तिला तिच्या सरांनी पहिल्या दिवशी विचारला होता. तिने टेबलाच्या खणातून एक पारदर्शक प्लास्टिकची टोपी काढून दाखवली. कुणाच्या तरी दाढेच्या मापाने बनवलेली. टोपीच्या कडेला एक खाच कापलेली होती. टोपी दाढेवर बसवायची आणि सळई त्या खाचेतूनच घालायची, म्हणजे वर्षाने मोजलं तरी जागा तीच.

"हे तर जिग!" गुणाजी खुर्चीतून अर्धा उठला. हत्यार दर वेळी त्याच जागी उतरावं म्हणून कारखान्यात साचा लावतात, तो जिग. आपल्या धंद्यातली वस्तू परक्याच्या खणात सापडल्याचा आनंद त्याला लपवता येईना.

असा माणूस प्रबंधाला मिळाला तर कुठल्या डॉक्टरला नको असेल? उत्तराने त्याला सगळं समजावून सांगितलं. एकाच माणसाच्या तोंडात दोन्हीकडे सारखे खड्डे असले की त्याची गंमत अशी, की दोन औषधांची तुलना त्या एकाच तोंडात करता येते. सर दोन्हीकडची हिरडी उघडून आतली घाण साफ करणार. एका बाजूला नुसती सफाई करून टाके घालणार. दुसऱ्या बाजूला खड्ड्यात हाडाची भुकटी भरून टाके घालणार. वर्षाने हिरडी पुन्हा उघडून पाहायचं, नवं हाड कुठे किती भरलं. तिला असे दहा पेशंट वर्षभर पुरे करायचे होते. दहा झाले तरच प्रबंध, प्रबंध झाला तरच परीक्षा.

"भुकटी कुणाच्या हाडाची?" गुणाजीने विचारलं.

उत्तरा जरा घुटमळली. या प्रश्नावर आधीचे दोन जण उठून गेले होते. "माणसाच्या. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशनमध्ये त्याचा गोळा काढून टाकतात. घरच्यांना विचारून तो घेतात, धुतात, ॲसिडमध्ये ठेवून त्यातला चुना काढतात, सुकवून दळतात. सरांचं म्हणणं, ही भुकटी शेजारच्या जिवंत हाडाला जागं करते. मग खरं हाड आपलं आपण वाढतं, भुकटी हळूहळू विरून जाते."

"खुबा बहुतेक म्हाताऱ्या बायकांचाच मोडतो ना?"

"बहुतेक."

"म्हणजे एखादी म्हातारी माझ्या तोंडात येणार." गुणाजीने थोडा विचार केला. "येऊ दे. पण कुठल्या बाजूला?"

"ते मलाही माहीत नाही. आणि मला माहीत असूनही चालणार नाही. ऑपरेशनच्या वेळी सर नाणं उडवतात, बाजू चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करतात. मी खोलीत नसते. वर्षानंतर मी मोजते, आकडे लिहून सही करते, मग सर पाकीट उघडतात. नाहीतर मला भुकटीच्या बाजूला जास्तच हाड दिसायला लागेल."

मुद्दाम माहीत करून घ्यायचं नाही! गुणाजी घरी जाईपर्यंत हेच घोळवत होता. त्याचा सगळा जन्म माहीत करून घेण्यात गेला होता, आणि ही शिकलेली मुलगी सांगत होती की न कळण्यानेच खरं कळतं. त्याला ते पटलं. डोक्याला पटलं. पण गुणाजीचं कुतूहल काही त्याच्या डोक्याच्या ताब्यात नव्हतं.

आठ दिवसांच्या अंतराने दोन ऑपरेशनं झाली. जागा बधिर केलेली, डोळ्यांवर हिरवं फडकं. फडक्याच्या कडेखालून भिंतीवरचं घड्याळ तेवढं दिसत होतं, आणि जिथे घड्याळ दिसतं तिथे गुणाजी वेळ मोजणार नाही असं होईल? डाव्या बाजूला पन्नास मिनिटं लागली, उजव्या बाजूला तीस. डावी बाजू सुजलीही जास्त, गाल पेरूएवढा झाला. नुसत्या सफाईला कमी वेळ, भरायला जास्त वेळ. गणित सोपं होतं.

"म्हातारी डावीकडे इली," घरी आल्यावर त्याने वनमालेला सांगितलं.

वनमालेने आधी तोंडावर पदर घेतला. परक्या बाईचं हाड नवऱ्याच्या तोंडात, ही गोष्ट तिला दोन दिवस गिळता आली नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कोणाची आवस, कोणाची आजी असतली ती. आता इली हा तर नीट ऱ्हवांदे."

आणि मग त्या घरात डावीकडच्या म्हातारीचं जे कौतुक सुरू झालं ते सख्ख्या सासूच्या वाट्याला आलं नव्हतं. डावीकडे घट्ट काही चावायचं नाही. भाकरी, सुकट, चणे, काजू, सगळं उजवीकडे. गरम चहासुद्धा मान तिरकी करून उजवीकडून. उत्तराने मऊ ब्रश दिला होता आणि दोन्ही बाजू सकाळ-संध्याकाळ सारख्या घासायला बजावलं होतं. गुणाजीने तो ब्रश डावीकडच्या सेवेला लावला. आरशासमोर उभा राहून एकेका दाताच्या मुळाशी, हिरडीकडून दाताकडे, दहा-दहा वेळा. मग मिठाचं कोमट पाणी डाव्या गालात धरून शंभर अंक. म्हातारीला त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं. उजवीकडे जुनं लाल मंजन आणि बोट, तेही कामावर जायच्या घाईत. तिकडे होतं कोण?

यात लबाडी होती का? गुणाजीला तसं एकदाही वाटलं नाही. उलट त्याला वाटत होतं की आपण दोन माणसांचं भलं करतोय. एक ती अनोळखी म्हातारी, आणि दुसरी उत्तराबाई. एवढी हुशार मुलगी भुकटीवर वर्षं घालवते आहे, तर तिची भुकटी पास झाली पाहिजे. आपल्या हातात आहे तेवढं आपण करावं.

महिन्यातून एकदा तो दाखवायला जायचा, आणि त्या दिवशी सकाळी दोन्ही बाजू लखलखीत घासून जायचा. मोठा साहेब यायच्या दिवशी मशीन पुसायची गिरणीतली सवय. तरी उत्तरा कधीकधी म्हणायची, "उजव्या हिरडीतून जरा रक्त येतंय, काका. दोन्हीकडे घासता ना नीट?"

"घासतो तर," गुणाजी म्हणायचा. घासत होताच की, त्या दिवशी.

दरम्यान उत्तराचे पेशंट गळत चालले होते. तेरा जणांपासून सुरुवात झाली होती. एकजण गावी गेला तो गेलाच. दाढ घट्ट झाल्यावर दुसरा फिरकला नाही. तिसऱ्याने हिरडी पुन्हा उघडायला साफ नकार दिला. बरं झालेलं कशाला कापता, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते काही चूक नव्हतं. राहिले दहा. एकही कमी झाला तर प्रबंध अडणार होता.

"तुम्ही याल ना काका?" डिसेंबरात तिने विचारलं.

"येणार म्हणजे? मला आरसा हवा. हिरडी उघडाल तेव्हा मला बघायचंय."

त्यानंतर काही दिवसांनी, पुन्हा जेवणाच्या सुट्टीत, गुणाजी अंबादासला म्हातारीची हकीकत रंगवून सांगत होता. अंबादास शेंगदाणे खात ऐकत होता. तो बीडकडचा, तोंडाने फटकळ, कामात सरळ. गुणाजीचा मिठाच्या पाण्याचा शंभर अंकांपर्यंतचा किस्सा संपला तसा तो म्हणाला, "म्हणजे नव्या टूलला तू कूलंटचं थंड पाणी सोडलंस आणि जुन्या टूलला कोरडं चालवलंस."

"काय?"

"आणि आता मोजून बघणार, कुठलं टूल चांगलं. वा रे तपासनीस! माझ्याकडून झालं असतं असं, तर तू मला गेटबाहेर काढलं असतंस यार."

अंबादास शेंगदाण्याची सालं झटकून मशीनकडे गेलाही. गुणाजी मात्र स्टुलावरून उठला नाही. पन्नास वर्षांच्या आयुष्यात त्याने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि इथे त्याने स्वतःच्या जबड्यातच खोटा आकडा वर्षभर वाढवला होता. डावीकडे हाड आलं तर ते भुकटीने आलं की मिठाच्या पाण्याने, हे आता कोण सांगणार? देवही नाही.

सांगावं तर दहाचे नऊ होणार. पोरीचा प्रबंध अडणार, आणि तो आपल्यामुळे. न सांगावं तर हा खोटा आकडा प्रबंधात जाणार, तिथून आणखी कुणाच्या तरी पुस्तकात, आणि कुणाला कधी कळणार नाही. गुणाजीला जास्त कशाने छळलं असेल तर या शेवटच्या गोष्टीने. कुणाला कधी कळणार नाही. त्यालासुद्धा नाही. त्या आठवड्यात त्याने दोन चांगले लॉट नापास केले आणि एक वाईट पास केला.

जायच्या दिवशी सकाळी त्याने ठरवलं की खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकायचं. दवाखान्यात पोचला. उत्तराने हसून आरसा पुढे केला, "हा घ्या तुमचा," आणि गुणाजीचा धीर सुटला. आधी सांगितलं तर ती हिरडी उघडणार नाही, मग आपल्याला बघायला मिळणार नाही. माणूस सज्जन होता, पण त्याला बघायचं होतं. तो मूग गिळून खुर्चीत बसला.

दोन्ही बाजू त्याच्याच हट्टाने एका दिवशी उघडायच्या होत्या. बधिर झालं. उत्तराने आधी डावी बाजू उघडली, टोपी बसवली, खाचेतून सळई घातली आणि नर्सला आकडा सांगितला. मागच्या वर्षी हिरडी उघडली तेव्हा हाडातला खड्डा दोन्हीकडे पाच होता. आता दोन. तीन मिलिमीटर हाड भरलं होतं. मास्कवर तिचे नुसते डोळे दिसत होते, तरी ती हसते आहे हे कळत होतं.

"आरसा धरा, काका. ते बघा, दाढेच्या मुळाशी. पांढरट, घट्ट. ते सगळं नवीन."

गुणाजीने पाहिलं. स्वतःचं हाड किती माणसांनी पाहिलेलं असतं? तांबूस ओल्या मांसाच्या आत ते शांत, चकचकीत, दाढेला बिलगून उभं होतं. वर्षापूर्वी तिथे काही नव्हतं. त्याला हात जोडावेसे वाटले. काही क्षण तो सगळं विसरला.

मग उजवी बाजू. तिथे खड्डा सहा निघाला. भरायचा सोडून एकाने वाढला होता. दाढेखाली मऊ, लालसर गाळ होता, आणि सळई टेकताच रक्त आलं. या वेळी उत्तराने आरसा धरायला सांगितलं नाही. आकडा सांगितला, टाके घातले आणि दोन्ही बाजूंना गुलाबी लेप चोपडला. "आज बोलायचं नाही. लेप सुटेल."

बोलायचं नाही! सांगायचं ठरवून आलेल्या माणसाचं तोंडच बंद झालं होतं. उत्तरा टेबलाशी आकडे लिहून सही करत होती, पलीकडच्या खोलीतून सरांच्या खुर्चीचा आवाज आला. सर पाकीट घेऊन निघाले असणार. गुणाजी उठला, तिच्यासमोरची पेन्सिल उचलली आणि केसपेपरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'म्हातारी डावीकडे आहे समजून वर्षभर डावीकडचीच काळजी घेतली. उजवीकडे नीट घासलं नाही. सगळं घट्ट उजवीकडे चावलं. तपासणीच्या दिवशी फक्त दोन्ही घासायचो. आकडे खोटे आहेत. चूक माझी. गु. धुरी.'

उत्तराने वाचलं. तिचा चेहरा आधी समजलाच नाही असा झाला, मग लाल झाला. "काका, दर महिन्याला विचारत होते मी तुम्हाला. दर महिन्याला!" तिने कागद त्याच्यापुढे धरला. "आणि हे आज सांगताय?"

गुणाजीला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो खाली बघत उभा राहिला. उत्तराने तो कागद फाडून टाकला असता, नाहीतर नुसता खिशात घातला असता, तर तिच्या दहा केसेस दहाच राहणार होत्या. तिची नजर एकदा एप्रनच्या खिशाकडे गेलेली गुणाजीने पाहिली. सर दारात आले. उत्तराने कागद त्यांच्या हातात दिला.

सरांनी तो उभ्यानेच वाचला. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. कागद खाली ठेवून त्यांनी पाकीट फोडलं, चिठ्ठी पाहिली आणि उत्तरापुढे केली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: उजवी.

"डावीकडे रक्त थांबत नव्हतं, म्हणून वेळ लागला होता," सर गुणाजीला म्हणाले. "भुकटी मी उजवीकडे भरली होती."

गुणाजीला हळूहळू उमगत गेलं. सुकट उजवीकडे, चणे उजवीकडे, काजू फोडले ते उजवीकडे. लाल मंजन आणि घाईचं बोट. ती बिचारी तिथे होती, आणि तिच्या डोक्यावर त्याने वर्षभर चणे फोडले होते.

"ही केस काढावी लागेल," सर उत्तराला म्हणाले. "ना भुकटीच्या बाजूने धरता येणार, ना विरुद्ध."

"सर, नऊच राहतात."

"दहावा शोध. वर्ष जाईल. गेलं तर गेलं." आणि मग गुणाजीकडे वळून, "उजवी दाढ मात्र राहणार नाही. महिन्याभरात काढू."

सर गेले. उत्तराने केसपेपरवरच्या 'केस दहा' या नोंदीवर काट मारली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. गुणाजीला तिची क्षमा मागायची होती, पण त्याहून आधी त्याला काहीतरी विचारायचं होतं, त्याला इलाज नव्हता. त्याने पुन्हा पेन्सिल उचलली.

'मग डावीकडे जे आलं ते हाड कुणाचं?'

उत्तराने वाचलं. राग अजून गेला नव्हता, पण प्रश्न असा होता की डॉक्टरला उत्तर दिल्याशिवाय राहवेना. "तुमचंच, काका. आणखी कुणाचं असणार? खड्डा साफ केला होता आणि तुम्ही तो वर्षभर साफ ठेवलात. तीन मिलिमीटर. एकही दाणा न भरता." ती थांबली. तिने नवा कोरा कागद ओढून घेतला. "कसं घासत होता? किती वेळा? पाणी किती गरम? सगळं लिहा. प्रबंधात नाही जाणार. पण मला हवंय."

गुणाजी बसला आणि लिहू लागला. दोन पानं झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला थोडं बोलता येऊ लागलं तेव्हा वनमालेने पेज पुढे ठेवत विचारलं, "म्हातारी कशी हा?"

"डावीकडे नाय होती गे ती. उजवीकडे होती. गेली."

वनमालेने पेजेच्या टोपावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "मगे डावीकडे कोण होतां?"

"कोण नाय. मीच."

तिने त्याच्या डाव्या गालाकडे पाहिलं. वर्षभर तिने मिठाचं पाणी कोमट करून दिलं होतं, रोज, दोन्ही वेळा.

"तां तुमचांच हाड ह्यां आदी कळलां असतां," तिने विचारलं, "तर येवढां सांभाळलां असतात काय?"

गुणाजीने पेजेचा वाडगा खाली ठेवला. खोटं सांगायची त्याला सवय नव्हती, आणि जी थोडी लागली होती ती कालच मोडली होती. त्याने खरोखर विचार केला, आणि त्याला फार वाईट वाटलं.

"नाय गे," तो म्हणाला.